पाठीमागचा तडा

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रे म्हणून जे काही पुजले जाते, त्यात विळी, कातर, माझे शाईचे पेन, मुलाचा संगणक आणि दारातली जुनी मोटार एवढ्या वस्तू असतात. बाकीची शस्त्रे मुकाट्याने पाटावर येऊन बसतात. मोटारीची पूजा मात्र तिच्यापाशी जाऊन करावी लागते. त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी मी तिच्या चारी बाजूंनी हिंडतो. एरवी माझा आणि तिचा संबंध पुढच्या उजव्या दाराशी.

गेल्या वर्षी नवमीच्या सकाळी मोटार धुऊन झाली, हळदकुंकू वाहून झाले, आणि झेंडूची माळ अडकवण्यासाठी मी डिकीवरच्या पट्टीला हात घातला. पट्टी हलली. वाकून पाहिले तर उजवीकडच्या बोल्टापासून निघालेला एक तडा पट्टीच्या निम्म्या रुंदीपर्यंत गेला होता. बोट लावले की त्याच्या दोन्ही कडा वरखाली होत. माळ मी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला बांधली आणि घरात आलो.

मोटारीच्या पाठीवर आडवी बसविलेली ही पट्टी म्हणजे स्पॉइलर. आमची गाडी २००६ सालची. मी ती २०१४ साली घेतली तेव्हा ही पट्टी तिच्यावर होतीच. पहिला मालक तरुण होता. लग्न ठरण्यापूर्वी त्याने ती हौसेने बसवून घेतली होती आणि लग्नानंतर गाडी विकून टाकली. हौसेला मुदत असते. तिच्या खुणा मात्र पुढच्या मालकाकडे येतात.

ह्या अवयवाची गंमत त्याच्या नावापासूनच सुरू होते. स्पॉइलर म्हणजे बिघडवणारा. आम्ही शिक्षक हा शब्द मुलांच्या वाईट संगतीविषयी वापरतो. पण हा बिघडवणारा सज्जन आहे. वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या टपावरून हवा मागच्या उतारावर ओघळते, तेव्हा ती गाडीचा मागचा भाग वर उचलू पाहते आणि मागच्या चाकांची जमिनीवरची पकड सैल होते. पट्टी त्या ओघाला आडवी येते, तो बिघडवते, आणि गाडीला जमिनीवर राहू देते. १९५६ साली मायकेल मे नावाच्या स्विस इंजिनियराने आपल्या पोर्शे गाडीवर विमानाचा पंख जणू उलटा करून बसविला आणि तो न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीला घेऊन गेला. तिथे त्याला तो पंख लावून शर्यतीत उतरू दिले नाही. पुढे १९७२ साली पोर्शे कंपनीनेच आपल्या एका गाडीला बदकाच्या शेपटीसारखी उचललेली पट्टी दिली. तेव्हापासून ही शेपटी वेगाचे चिन्ह होऊन बसली.

आता चिन्ह आणि वस्तू ह्यांत फरक असतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट तर जोर चौपट. ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीवर ही पट्टी जो दाब देईल, त्याचा सोळावा हिस्सा ती ताशी ५० किलोमीटरला देते. आमची गाडी कोल्हापूरच्या रस्त्यांवर पन्नासच्या वर क्वचित जाते. तेव्हा हे गणित मांडून मी असा निष्कर्ष काढला, की ही वस्तू निरुपयोगी आहे. निरुपयोगी वस्तूला तडा गेला तर ती आणखी निरुपयोगी होऊ शकत नाही. सबब घाई करण्याचे कारण नाही. गणिताच्या आधाराने आळस केला की त्याला विवेकाचे रूप येते.

घरात मतभेद झालेच. मुलाचे म्हणणे, नवी आणू. बायको म्हणाली, “अहो, नुसती काढून टाका ना! त्या शेपटीशिवाय गाडी चालत नाही का?” मी म्हटले, दिवाळीनंतर पाहू. आणि टेबलाच्या खणातली चिकटपट्टी काढून तड्यावर तीन आडव्या आणि एक उभी अशी लावली. वहीची फाटलेली पाने मी आयुष्यभर अशीच जोडीत आलो आहे.

कोजागिरीनंतरच्या रविवारी मिरजेला मेव्हण्याच्या नातीचे बारसे होते. पन्नासेक किलोमीटरांचा रस्ता. घरून निघायला उशीर झालेला. हातकणंगले मागे पडले, रस्ता मोकळा मिळाला आणि काटा पन्नास सोडून ऐंशीला टेकला. मागून फरफर असा बारीक आवाज येऊ लागला. आरशात पाहिले तर चिकटपट्टीचे एक टोक सुटून पट्टीवर नाचत होते, आणि त्या नाचणाऱ्या टोकाच्या मागे, वीस-पंचवीस हातांवर, एक मोटारसायकल होती. पुढे नवरा, मागे बायको, आणि दोघांच्या मधे पिवळ्या टोपीतले मूल.

मी थांबायला हवे होते. बारसे बाराला होते आणि साडेअकरा झाले होते. मी वेग थोडा कमी केला. मोटारसायकल आणखी जवळ आली. मी हात बाहेर काढून तिला पुढे जाण्याची खूण केली. नवऱ्याने मान हलविली आणि तो तसाच मागे राहिला. माझ्यासारख्या सावकाश, वयस्क गाडीच्या मागे राहणे त्याला सुरक्षित वाटत असावे. जयसिंगपूरपर्यंत ते कुटुंब माझ्या मागे होते. मग ते डावीकडे वळून गावात गेले. काही झाले नाही. आम्ही बारशाला पोचलो, घुगऱ्या खाल्ल्या, नातीच्या कानात आत्याने नाव सांगितले. बायको शेजारच्या खुर्चीवर बसली होती आणि तिच्या उजव्या कोपरावरची जुनी खूण मला दिसत होती.

ती खूण २००५ सालची आहे. लग्नाला वर्ष झाले नव्हते. आम्ही दोघे स्कूटरवरून पुणे-बंगळूर रस्त्याने कराडकडे चाललो होतो. पुढे लाकूडसामान भरलेला एक टेम्पो होता. त्याच्या पाठीवर ‘पुन्हा भेटू’ असे सुरेख अक्षरांत रंगविलेले होते आणि मी ते अक्षर पाहत होतो, म्हणून मला अजून आठवते. दोरीतून एक फळी निसटली, रस्त्यावर आपटली आणि उसळून आमच्याकडे आली. मी वाचलो, बायकोचे कोपर फुटले. टेम्पो निघून गेला. चालक पळून गेला असे मी कधीही म्हणणार नाही. त्याला काही कळलेच नव्हते. सामान उतरवताना एक फळी कमी भरली असेल, मालकाने चार शब्द सुनावले असतील, आणि गोष्ट तिथेच संपली असेल. तो आज कोठे असेल तिथे स्वतःला निर्दोष समजत असेल. आम्ही मात्र त्याला तीन महिने रोज शिव्या दिल्या.

मिरजेच्या त्या मंडपात माझ्या मनात आले: त्या चालकात आणि माझ्यात फरक काय? त्याची फळी पडली आणि माझी पट्टी पडली नाही, एवढाच. आणि तो फरक माझ्या पुण्याईचा नव्हता. चिकटपट्टीच्या डिंकाचा होता. उलट एका बाबतीत मी त्याच्यापेक्षा वाईट ठरत होतो. त्याला दोर सैल आहे हे ठाऊक नसेल. मला तडा ठाऊक होता.

हा प्रश्न जुना आहे, आणि मोठ्या माणसांनीही तो सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल ह्या दोन तत्त्वज्ञांनी नीतीतले दैव ह्या विषयावर आपापले निबंध मांडले. त्यांतले नेगेल ह्यांचे एक उदाहरण ट्रकचालकाचेच आहे. त्याने ब्रेक तपासून घेण्यात हयगय केली. रस्त्यात मूल आडवे आले, तर तो जन्मभर स्वतःला दोष देत राहील. मूल आलेच नाही, तर हयगय तेवढीच असूनही त्याला स्वतःविषयी फारसे वाईट वाटणार नाही. चूक एक, पण दोष दोन. मधे येते ते केवळ दैव. कायदाही बहुधा परिणाम पाहूनच शिक्षेचे माप ठरवितो. फळी पडली तर खटला, न पडली तर फार तर दंड.

आपल्याकडे ह्यावर गीतेतला फलत्यागाचा विचार पुढे करण्याची सोय आहे. फळ आपल्या हाती नाही, असे म्हटले की मन हलके होते. पण तो विचार कर्म करून मोकळ्या झालेल्यासाठी आहे, असे मला वाटते. दोर आवळून बांधला, गाठ ओढून पाहिली आणि तरीही फळी पडली, तर फळ आपल्या हाती नव्हते असे म्हणता येईल. दोराकडे वळूनही न पाहणाऱ्याला ते म्हणता येणार नाही. काय घडेल ते दैवाचे. मागे जाऊन पाहणे माझे. माझ्या हातचे जे होते ते मी केले नव्हते, आणि मोटारसायकलवरचे मूल सुखरूप घरी गेले म्हणून ते केल्यासारखे होत नव्हते.

परत येताना मी मेव्हण्याकडची सुतळी घेतली, पट्टी डिकीला घट्ट बांधली आणि चाळीसच्या वेगाने कोल्हापूर गाठले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी शिवाजी उद्यमनगरात नेली.

उद्यमनगर ही मोडलेल्या गोष्टींवर प्रेम करणारी वस्ती आहे. तिथे इंजिने उघडतात, लोखंड वितळते, आणि कोणतीही वस्तू पाहिली की लोक तिच्या किमतीआधी तिच्या जोडाची चौकशी करतात. ओळखीच्या मिस्त्रींनी सुतळी सोडली, तडा पाहिला आणि विचारले, “किती दिस झालं गुरुजी ह्याला?”

“पंधरा-एक दिवस झाले असतील.”

“आणि तवापासनं गाडी बंद ठेवलीसा?”

मी उत्तर दिले नाही. मिस्त्रीही क्षणभर बोलले नाहीत. मग हातातला पाना फडक्याला पुसत म्हणाले, “गाडी तुमची हाय गुरुजी. पर ही पट्टी मागनं येणाऱ्याची हाय.”

तीस पानांचा निबंध लिहून मला जे सांगता आले नसते, ते त्यांनी पाना पुसता पुसता सांगितले. गाडीचा सारा पुढचा भाग मालकासाठी असतो: काच, दिवे, आरसे, भोंगा. पाठीमागे जे काही असते ते चालकाला धड दिसत नाही. ते मागून येणाऱ्याला दिसते आणि बिघडले तर त्यालाच बाधते. १९६९ साली स्पेनमधल्या फॉर्म्युला वन शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट ह्या दोघा नामांकितांच्या गाड्यांवरचे उंच पंख मोडले. आधी हिलची गाडी आदळली. नंतर रिंटची गाडी त्याच जागी येऊन त्या मोडक्या गाडीवर आदळली. जगातल्या सर्वांत निष्णात चालकांनाही मागच्या पंखाची खबर तो मोडल्यावरच मिळाली. थोड्याच दिवसांनी मोनॅकोच्या शर्यतीत त्या उंच पंखांवर बंदी आली.

मी विचारले, “मग काय करायचे?” मिस्त्रींनी तीन वाटा सांगितल्या. पट्टी काढून टाकायची, तर डिकीच्या पत्र्याला चार भोके उरतात. ती झाळून, लांबी भरून बुजवावी लागतात, आणि उन्हाने विटलेल्या जुन्या रंगावर नव्या रंगाचा तुकडा उठून दिसतो, म्हणून सगळी डिकी रंगवावी लागते. भिंतीवरची तसबीर काढली की तिच्यामागचा चौकोन जसा डोळ्यांत भरतो, तसेच ते. नवी पट्टी आणायची, तर जुन्या मॉडेलची तंतोतंत पट्टी मिळणे कठीण; मिळेल तिची भोके जुळली नाहीत तर पत्र्याला आणखी भोके. आणि जुनी पट्टी जाणार कुठे? रंग चढलेले प्लास्टिक भंगारवालाही आढेवेढे घेऊन नेतो. ते कुजत नाही. गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगात आपल्या नातवंडांची वाट पाहत पडून राहते. तेही एक मागून येणाऱ्यांच्या माथी मारणेच. तिसरी वाट सांधण्याची.

मी अर्थातच तिसरी वाट उचलली, आणि माझ्या चेहऱ्यावर थोडे समाधानही उमटले असावे. जुन्याला टाकत नाही, सांधून घेतो, अशा विचाराने माणूस स्वतःवर खूश होतो. मिस्त्रींनी ते समाधानही टिकू दिले नाही. म्हणाले, “तडा दोन्ही बोल्टांस्नी पोचला असता तर मीच म्हटलं असतं, टाका हे. सांधायचा हट्ट बरा न्हवं.” मला ते पटले. सांधणे हा काही धर्म नव्हे. मोडके सांधून वापरण्यात जशी काटकसर असते, तसा कधी कधी कंजूषपणा असतो आणि कधी नुसता आपल्या हळवेपणाचा लाड असतो.

राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन ह्यांच्या पाली संवादात रथाचा प्रश्न येतो: दांडा म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? एकेक भाग बाजूला काढला तर रथ उरतो कोठे? पट्टी बदलली तर ही आपली तीच गाडी राहील का, असा विचार करताना मला तो संवाद आठवत असे आणि आपण फार खोल विचार करीत आहोत असे वाटे. त्या दिवशी लक्षात आले, की निदान माझ्या तोंडी तो प्रश्न रथात बसणाऱ्याचा होता. रथामागून धूळ खात चालणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याचा प्रश्न साधा आहे: ह्याचे काही सुटून माझ्या अंगावर येणार नाही ना?

मग काम सुरू झाले. मिस्त्रींनी पट्टी उतरविली, साबणाने धुतली आणि आतल्या बाजूला कापसाच्या बोळ्याने थोडे अ‍ॅसिटोन लावून पाहिले. प्लास्टिक चिकट झाले. “एबीएस हाय. सांधतंय,” ते म्हणाले. पुढे त्यांनी जे केले ते पाहून मी चकित झालो. जिथे तडा संपत होता, बरोबर त्या टोकावर त्यांनी बारीक गिरमिटाने आरपार भोक पाडले. सांधायला दिलेली वस्तू हा गृहस्थ आणखी फोडतो काय, असे मला वाटले. पण त्यात शास्त्र आहे. तड्याचे टोक सुईसारखे अणकुचीदार असते आणि सारा ताण त्या एका बिंदूवर गोळा होतो. म्हणून तडा पुढे पुढे सरकतो. टोक जितके तीक्ष्ण तितका ताण अधिक, हे १९१३ साली इंग्लिस ह्या इंग्रज इंजिनियराने गणिताने दाखवून दिले होते. टोकावर गोल भोक पाडले की तो ताण त्याच्या कडेने वाटला जातो आणि तड्याची धाव थांबते. नुसती वरून चिकटपट्टी लावली तर तडा तिच्याखाली शांतपणे चालत राहतो. चूक थांबवायची तर ती जिथपर्यंत गेली आहे त्या टोकापर्यंत आपण जावे लागते. त्याच्या अलीकडे केलेली कोणतीही दुरुस्ती शोभेची.

आतल्या बाजूने तड्यावर तारेची बारीक जाळी ठेवून, तापलेल्या सोल्डरच्या दांड्याने ती प्लास्टिकमध्ये दाबून बसविली. बाहेरून तड्याच्या कडा तासून खाच केली. त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा तिच्यात भरला आणि रात्रभर वाळू दिला. मग लांबी, मग पाण्याने ओला केलेला पॉलिश पेपर, आधी भरड आणि मग मऊ, मग प्रायमर, रंग आणि वरून लॅकर. तडा पडला कसा, हेही मिस्त्रींनी सांगितले. मुळात कोणीतरी बोल्ट फार आवळले होते. उन्हाने प्लास्टिक प्रसरण पावते; त्याला हलायला तसूभरही जागा नसली की ते बोल्टापाशीच फुटते. वर दर वेळी डिकी आदळण्याचा हादरा असतोच. ह्या वेळी त्यांनी बोल्टाखाली रबरी चकत्या घातल्या आणि बेताचेच आवळले. वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाला त्यात ऐकण्यासारखे होते.

एक गोष्ट मात्र राहिलीच होती. ह्या पट्टीत तांबड्या दिव्यांची एक बारीक ओळ आहे. ब्रेक दाबला की ती लागते. तड्याने तिची तार तुटली होती, आणि किती महिने ती ओळ बंद होती हे मला माहीतच नव्हते. मागच्या काचेच्या उंचीवरचा हा तिसरा दिवा आज सर्वत्र दिसतो, त्याची कहाणी सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या जॉन व्होएव्होड्स्की ह्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या काही टॅक्सींवर असा जादा दिवा बसवून पाहिला. त्या टॅक्सींना पाठीमागून बसणाऱ्या धडका निम्म्याहून कमी झाल्या. हे निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध झाले, आणि १९८६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना तिसरा दिवा सक्तीचा झाला. पुढे सर्वांनाच त्याची सवय झाली आणि त्याचा गुण उतरत उतरत चार टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. चारच टक्के, असे आपण म्हणतो. कारण आपण ते पुढच्या गाडीत बसून म्हणतो. त्या चार टक्क्यांत कोण आहे, हे मागच्या गाडीतल्या माणसाला विचारावे.

वसुबारसेच्या संध्याकाळी गाडी घरी आली. रंग जवळजवळ जुळला होता. तिरप्या उजेडात पाहिले तर जोड ओळखू येत होता. मुलाने नाक मुरडले. मला त्या जोडाचे काही वाटले नाही. मी हात लावून पट्टी हलते का तेवढे पाहिले. ती हलली नाही.

दिवा तपासायचा राहिला होता. मी आत बसलो, किल्ली फिरविली, ब्रेक दाबला, आणि तेव्हा लक्षात आले की इथून मला काहीच दिसणार नाही. आपला हा दिवा आपल्याला कधीच दिसत नाही. तो लागला की नाही, हे मागे उभे असलेल्या माणसानेच सांगायचे असते. मी बायकोला हाक मारली. अंगणात गाईवासराची पूजा आटोपून ती तशीच, हातात निरांजन घेऊन, गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

“लागला का?”

“थांबा. पुन्हा दाबा.”

मी पुन्हा दाबला.

“लागला,” ती म्हणाली. “आता सोडा बरं. डोळ्यांवर येतोय.”